कमी वीज खाणारा प्रोसेसर: आधी झोपेचा हिशेब मांडा

बॅटरीवरच्या सेन्सरचा प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो, म्हणून डिझाइनला हात घालण्याआधी सरासरी करंट काढा. दर सेकंदाला ५ मिलिसेकंद जाग आणि तेव्हा ४ मिलिअँपिअर, म्हणजे सरासरीत २० मायक्रोअँपिअर. झोपेचे २ धरले तर एकूण २२. २२५ मिलिअँपिअर-तासांचा सीआर२०३२ सेल कागदावर सुमारे १४ महिने पुरतो. झोपेचा करंट २० वर गेला, तर तोच सेल आठ महिन्यांच्या आत संपतो.

जागेपणी स्विचिंगची (सिग्नल ०-१ बदलताना लागणारी) वीज व्होल्टेजच्या वर्गावर ठरते: १.२ वरून ०.९ व्होल्टवर आलात की सुमारे ४४ टक्के घट. लॉजिक गेट मंदावतात, त्यामुळे टायमिंग, म्हणजे सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआधी पोचतात का, पुन्हा तपासा.

क्लॉक गेटिंगसाठी, म्हणजे काम नसलेल्या रजिस्टरांचा क्लॉक रोखण्यासाठी, आरटीएलमध्ये (सर्किटचं वर्णन करणाऱ्या कोडमध्ये) ‘एनेबल असेल तरच नवी किंमत’ असं लिहा. गेटिंग सेल (क्लॉक रोखणारं छोटं तयार सर्किट) कोडचे गेट बनवणारं सिंथेसिस टूल घालतं. हाताने नुसतं अँड गेट लावू नका. क्लॉक वर असताना एनेबल हललं की अर्धवट पल्स निघतो आणि रजिस्टर भलतीच किंमत धरतं. गेटिंग सेलमधला लॅच क्लॉक वर असताना एनेबल धरून ठेवतो आणि हेच टाळतो. दोन-तीन बिटांसाठी गेटिंग नकोच, सेलच बचत खाऊन टाकतो.

जास्त चुका होतात त्या पॉवर गेटिंगमध्ये, म्हणजे चिपच्या एखाद्या भागाची वीजच तोडण्यात. क्रम असा: क्लॉक थांबवा, आयसोलेशन लावा (बंद भागाचे आउटपुट ठरावीक किमतीवर बांधा), वीज गेली तरी किंमत जपणाऱ्या रिटेन्शन रजिस्टरांत स्थिती जपा, रीसेट द्या, मग वीज तोडा. उठवताना वीज द्या, स्विचकडून पोच येईपर्यंत थांबा, रीसेट काढा, स्थिती परत भरा, आयसोलेशन उघडा, शेवटी क्लॉक. आयसोलेशन सेलना वीज कायम चालू असणाऱ्या भागातूनच द्या. नाहीतर तरंगते सिग्नल चालू भागात शिरतात आणि तिथल्या गेटमधून सप्लायपासून ग्राउंडपर्यंत थेट करंट वाहतो. झोपेचा करंट अपेक्षेच्या कित्येक पट दिसला, तर आधी इथेच बघा. स्विचही साखळीने एकामागून एक लावा. सगळे एकदम लावले तर करंटचा लोंढा येऊन शेजारच्या भागाचं व्होल्टेज बसतं.

बंद-चालू करायला ५० नॅनोज्यूल लागत असतील आणि गळतीचे (काम नसतानाही ट्रान्झिस्टरमधून झिरपणाऱ्या करंटचे) ५ मायक्रोवॅट वाचत असतील, तर १० मिलिसेकंदांहून छोट्या झोपेत वीज तोडणं तोट्याचं. तिथे क्लॉक थांबवणं पुरे.

विजेचा अंदाज काढताना टूलचा ठोकळेबाज टॉगल दर (सिग्नल किती वेळा बदलतात तो आकडा) घेऊ नका. गेट-लेव्हल सिम्युलेशनमध्ये खरं फर्मवेअर चालवा: जाग, मापन, पुन्हा झोप, असा पूर्ण फेरा. गळती चढ्या तापमानालाही तपासा. २५ अंशांवरचा आकडा उन्हातल्या बंद डब्यात टिकत नाही.