सुधारणा करणाऱ्या देशाला मिळालेली परदेशी मदत कशी मोजावी

एखाद्या देशात एकपक्षीय राजवट संपते, निवडणुका होतात, सरकारने बांधून दिलेल्या किमती मोकळ्या केल्या जातात आणि त्याच सुमारास श्रीमंत देश एकत्र येऊन मदतीचा मोठा आकडा जाहीर करतात. या विषयावर लेख किंवा प्रबंध लिहिणाऱ्याने तो आकडा उतरवून घेण्याआधी त्याची फोड शोधावी.

रशियाचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९९२ रोजी सात प्रमुख औद्योगिक देशांच्या वतीने २४ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. त्यांपैकी ११ अब्ज डॉलर निरनिराळ्या सरकारांकडून, ४.५ अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेसारख्या संस्थांकडून आणि ६ अब्ज डॉलर रूबल हे रशियाचे चलन सावरण्याच्या निधीसाठी यायचे होते, उरलेले २.५ अब्ज म्हणजे जुन्या कर्जाचे लांबणीवर टाकलेले हप्ते होते. सरकारांच्या वाट्यातही मोठा भाग निर्यात-कर्जांचा होता, म्हणजे रशियाने त्याच देशांचे धान्य आणि यंत्रे उधारीवर घ्यायची आणि पुढे व्याजासह पैसे चुकते करायचे. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती अनुदान आहे, कर्ज आहे, हमी आहे की केवळ परतफेडीला मिळालेली मुदतवाढ आहे, हे लिहावे. या चार गोष्टींची बेरीज करून एकच आकडा मांडणे मला दिशाभूल करणारे वाटते, मग ती बेरीज कितीही अधिकृत कागदावर असो.

त्यानंतर जाहीर झालेली, मंजूर झालेली आणि प्रत्यक्ष पोहोचलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत मांडावी. नाणेनिधीने १९९२ मध्ये रशियाला सुमारे १ अब्ज डॉलरच दिले आणि रूबलचा निधी उभाच राहिला नाही. जुलै १९९८ मध्ये पुन्हा २२.६ अब्ज डॉलरची घोषणा झाली; नाणेनिधीचा ४.८ अब्जांचा पहिला हप्ता पोहोचला आणि १७ ऑगस्टला रशियाने रूबलचे अवमूल्यन करून देशांतर्गत कर्जरोख्यांची परतफेड थांबवली. आकडेवारी शोधताना आणखी एक अडचण येते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या जुन्या तक्त्यांत पोलंड, हंगेरी, रशिया, युक्रेन यांना मिळालेली मदत ‘अधिकृत विकास साहाय्य’ या सदरात मोजली जात नसे. २००५ पर्यंत तिच्यासाठी ‘अधिकृत साहाय्य’ असे निराळे सदर होते. पहिल्याच सदरात शोधणाऱ्याला या देशांना जवळपास काहीच मिळाले नाही, असे वाटू शकते.

मात्र पोहोचलेल्या रकमेवरूनच मदतीची किंमत ठरवू नये, आणि पोलंडचा अभ्यास करताना हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. ऑक्टोबर १९८९ मध्ये तेथील किमती एका महिन्यात ५० टक्क्यांहून अधिक वाढल्या होत्या. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून बहुतेक किमती मोकळ्या केल्या आणि डॉलरचा दर ९,५०० झ्लॉटींवर (झ्लॉटी हे पोलंडचे चलन) बांधला. त्या दराच्या पाठीशी पाश्चात्त्य देशांनी १ अब्ज डॉलरचा स्थिरीकरण निधी, म्हणजे दर घसरू लागल्यास वापरायची राखीव रक्कम, उभा केला होता, त्यात अमेरिकेचे २० कोटींचे अनुदान होते. दर मे १९९१ पर्यंत टिकला आणि निधीतून एक डॉलरही काढावा लागला नाही. खर्चाच्या रकान्यात येथे शून्य येते, तरीही सरकार दर राखू शकेल असा विश्वास लोकांना वाटण्यात या निधीचा वाटा होता. अशी मदत नोंदवताना रकमेबरोबर ती कधी उपलब्ध झाली, तेही लिहावे, कारण हा निधी सुधारणेच्या पहिल्या दिवशी तयार होता.

कर्जकपातीचेही तसेच आहे. एप्रिल १९९१ मध्ये पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या सरकारांच्या गटातील धनको देशांनी पोलंडवरील आपल्या कर्जाचा निम्मा भार कमी करण्याचे मान्य केले. मात्र ही कपात दोन टप्प्यांत होती आणि दुसरा टप्पा, जो १९९४ मध्ये आला, नाणेनिधीबरोबरचा कार्यक्रम पाळण्यावर अवलंबून होता. नवे पैसे हाती न येताही अर्थसंकल्पात जागा झाली.

पैसा कोणाच्या हाती गेला, याची चौकशी स्वतंत्रपणे करावी. तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली आलेल्या निधीतून परदेशी सल्लागारांचे मानधन आणि निवासखर्च भागत असे. वॉर्साच्या मॅरियट हॉटेलात उतरणाऱ्या अशा सल्लागारांना पोलिश लोक ‘मॅरियट ब्रिगेड’ म्हणू लागले. याउलट १९९० मध्ये अमेरिकी सरकारच्या २४ कोटी डॉलरमधून सुरू झालेल्या पोलिश-अमेरिकन उद्योग निधीने स्थानिक खासगी उद्योगांत भांडवल गुंतवले आणि पुढे १२ कोटी डॉलर अमेरिकेच्या तिजोरीत परतही केले. एकूण मदतीत दोन्ही एकाच ओळीत दिसतील. तुमच्या तक्त्यात त्या वेगळ्या दिसाव्यात.

शेवटी अटी वाचाव्यात, आणि त्यांत लोकशाहीच्या अटी आर्थिक अटींपासून वेगळ्या काढाव्यात. नाणेनिधी तूट, व्याजदर आणि चलनाकडे पाहतो. १९९१ मध्ये लंडनला सुरू झालेल्या युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेच्या करारातील पहिले कलम मात्र बहुपक्षीय लोकशाहीचा स्पष्ट उल्लेख करते. सरावासाठी युक्रेनला २०२४ ते २०२७ या काळात ५० अब्ज युरोपर्यंत मदत देणारी युरोपीय संघाची योजना घ्यावी. तिच्यात ३३ अब्ज कर्ज आणि १७ अब्ज अनुदान आहे, आणि युक्रेनने स्वतः आखलेल्या सुधारणांची पूर्तता पाहून तिमाही हप्ते दिले जातात. २०२५ मध्ये चौथ्या हप्त्यासाठी ठरलेल्या सुधारणांच्या १६ टप्प्यांपैकी ३ अपुरे राहिल्याने तो हप्ता कापला गेला. ते ३ टप्पे कोणते होते आणि त्यांपैकी न्यायव्यवस्था व भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेशी किती निगडित होते, हे शोधून तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहावे.