शाळेत मानसिक आरोग्य शिकवताना या चुका टाळा

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी शाळेत पाहुण्यांचं भाषण होतं, आभार मानले जातात आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. मुलांना नैराश्याची व्याख्या लिहिता येते. पण कित्येक रात्री झोप लागत नसेल तर सकाळी कोणाला गाठायचं, हे ठाऊक नसतं. कोणाकडे जायचं, काय बोलायचं आणि बोलल्यावर पुढे काय होतं, शिकवायचं आहे ते हेच.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्याकडे कोकणात वर्गातल्या बाई आणि मुलीची आई एकाच बचत गटात असतात. दुपारी शाळेत निघालेला विषय संध्याकाळी तिठ्यावर पोचतो. मुलांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून ती गप्प राहतात. मग त्यांना बोलतं करायला आपण शपथा घेतो. मुलीने जीव द्यायची भाषा केली किंवा घरातलं कोणी नको तिथे हात लावतं म्हणाली, की ती शपथ मोडावीच लागते. लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे मुलीचा विश्वास दुसऱ्यांदा तुटतो.

म्हणून पहिल्याच तासाला, कोणी काही सांगायच्या आत, वर्गाला स्पष्ट सांगा: "तुमची गोष्ट मी गावभर करणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुम्हाला त्रास देत असेल, तर मदतीसाठी एकदोघांना सांगावं लागेल. कोणाला सांगतेय, ते आधी तुम्हाला सांगेन." एवढं ऐकल्यावरही मुलं येतात. उलट, बाई खरं बोलतात म्हणून येतात.

आत्महत्येचा शब्द टाळणं

विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं भरेल, ही भीती चुकीची आहे. विचारल्याने तो विचार रुजत नाही. कोणीतरी ऐकतंय हे कळून बरेचदा मोकळं वाटतं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं शांतपणे विचारा. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातलं आंब्याच्या फवारणीचं औषध कुलपात ठेवायला सांगा. पडवीच्या कोपऱ्यात ते उघडं असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फक्त मार्क घसरलेल्यांकडे पाहणं

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. हे कौतुक मुलांच्या मानेवरही बसतं. नव्वद टक्केवाली मुलगी आतून पार थकलेली असू शकते. रोज प्रार्थनेच्या वेळी दुखणारं पोट, डबा न उघडणं, मैत्रिणींपासून तुटणं, असं दोन आठवडे चाललं तर बाजूला घेऊन बोला. वडील मुंबईला किंवा बोटीवर आणि मूल आजीपाशी, अशा घरात हे टिपणारं माणूस कधीकधी शिक्षकच असतं.

"रत्नागिरीला पाठवा" हसण्यावारी नेणं

हा टोमणा तळकोकणात सर्रास चालतो. वर्गात तो ऐकू आला तर तिथेच थांबवा आणि खरं काय ते सांगा: रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात कितीतरी माणसं बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जातात. हा टोमणा ऐकत वाढलेलं मूल मदत मागणार कशी?

देवस्कीवरून घरच्यांशी भांडणं

आई देवळात देवाला गाऱ्हाणं घालून आली असेल तर तिला अडाणी ठरवू नका, ती दार लावून घेईल. "देवाला सांगितलंत, आता डॉक्टरांनाही दाखवूया," म्हणा. मात्र मारहाण, उपाशी ठेवणं किंवा चालू औषध बंद करणं असेल तिथे ठाम राहा.

नंबर भिंतीवर लावून मोकळं होणं

टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. अडचणीतल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन 1098. पोस्टर मुलं बघतात, फोन करत नाहीत, कारण पहिलं वाक्य सुचत नाही. म्हणून वर्गात जोड्या करून सराव घ्या: एकाने फोन करायचा, दुसऱ्याने ऐकायचं. "मला काही दिवस बरं वाटत नाहीये, कोणाशी तरी बोलायचंय," एवढं पुरे. स्वतःचे अनुभव मात्र सगळ्यांसमोर सांगायला लावू नका. घरात फोन एकच असतो आणि तो आईकडे असतो, म्हणून शाळेतला फोन कुठल्या खोलीत, कधी मिळेल, हेही ठरवून ठेवा.