कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी डिशवॉशरची घरगुती पावडर

किनारपट्टीवरच्या अनेक घरांत आणि होमस्टेंमध्ये आता डिशवॉशर आला आहे. त्याची पावडर घरी करण्याच्या प्रचलित कृतींमध्ये धुण्याचा सोडा, मीठ आणि सायट्रिक ॲसिड एकाच बरणीत मिसळायला सांगितलेले असते. माझ्या मते कोकणात ही कृती मुळीच करू नये. सोडा अल्कली आहे आणि सायट्रिक ॲसिड आम्ल. दमट हवेतला ओलावा लागताच दोघांची अभिक्रिया सुरू होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो, पावडरीचा दगड होतो आणि घट्ट झाकणाच्या बरणीत दाबही वाढतो. कोरड्या प्रदेशात हे मिश्रण काही दिवस टिकेलही. पण जूनपासून पुढे आपल्याकडे ते टिकण्याची आशा धरू नये. शिवाय जेवढे आम्ल असेल तेवढ्या सोड्याचे बळ फुकट जाते. म्हणून खाली दिलेल्या पद्धतीत सोडा आणि आंबट वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामाला वापरले आहेत.

पावडरीचा मुख्य घटक धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तेलाचा आणि नारळाच्या वाटणाचा ओशटपणा गरम पाण्यात सैल करण्याचे काम तोच करतो. चुलीतल्या राखेने भांडी निघत, तीही राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे, म्हणजे याच जातीच्या क्षारामुळे; राख मशीनमध्ये मात्र घालू नये, कारण तिचे न विरघळणारे कण गाळणीत अडकतात आणि काचेला ओरखडे पाडतात. सोडा घेताना कोरडी भुकटी घ्यावी. स्फटिकांच्या रूपात मिळणाऱ्या सोड्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते, त्यामुळे त्याचे माप दुपटीहून जास्त लागते. भुकटी मिळाली नाही, तर खाण्याचा सोडा ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर तापवावा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमचा साधारण ६३ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. ताट स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे नसावे.

३०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि १०० ग्रॅम खाण्याचा सोडा कोरड्या हाताने, शक्यतो हातमोजे घालून, एकत्र करावा. मूळ पावडर एवढीच. मीठ यात घालण्याचे कारण नाही. मशीनच्या तळाशी मिठाचा जो वेगळा कप्पा असतो तो पाणी मऊ करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे आणि त्यात खास जाड शुद्ध मीठच घालायचे असते, स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त बारीक मीठ नव्हे. बोरॅक्सही (टाकणखार, म्हणजे बोरॉनचा क्षार) मी वगळते, कारण आपल्याकडे मोरीचे पाणी परसातल्या झाडांना जाते आणि झाडांना लागणारे बोरॉन व बाधणारे बोरॉन यांत फार थोडे अंतर असते.

चहाचे डाग आणि हळद यांसाठी सोडियम परकार्बोनेट उपयोगी पडते. पाण्यात गेल्यावर त्यातून सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, आणि पेरॉक्साइडचे पुढे पाणी व ऑक्सिजन होतो. ओलाव्याने ते बरणीतच निकामी होते, म्हणून ते मूळ पावडरीत न मिसळता वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि गरज असेल त्या दिवशी एक चहाचा चमचा घालावे. त्याच्या डब्याचे झाकण अगदी हवाबंद करू नये, आणि ते व्हिनेगरमध्ये किंवा क्लोरीनच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. सोड्याच्या पाण्यात हळद लालसर दिसू लागली तर घाबरू नये. अल्कलीत हळदीचा रंग तसाच बदलतो. उरलेला पिवळा डाग खळ्यात उन्हात ठेवल्यावर फिका पडतो, कारण हळदीचा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही.

बोअरचे पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, असेल तर आणखी एक गोष्ट करावी लागते. ६० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाव लिटर कोमट पाण्यात मोठ्या स्टीलच्या पातेल्यात विरघळवावे आणि त्यात ८० ग्रॅम खाण्याचा सोडा चमच्याचमच्याने घालावा. जोरात फेस येईल. तो पूर्ण बसेपर्यंत थांबावे. येथे आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया आपण जाणूनबुजून, उघड्या भांड्यात पूर्ण होऊ देतो, आणि त्यातून मिळणारे सोडियम सायट्रेट पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे ग्लासांवर पांढरा थर बसत नाही. हे द्रावण फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवावे, नाहीतर त्याला बुरशी येऊ शकते.

प्रत्येक वेळी पावडरीच्या कप्प्यात (मिठाच्या नव्हे) एक मोठा चमचा पावडर घालावी, पाणी जड असल्यास त्यावर एक मोठा चमचा सायट्रेटचे द्रावण ओतावे, झाकण लावून मशीन लगेच सुरू करावे आणि ६० ते ६५ अंशांचा कार्यक्रम निवडावा. पाण्याची परीक्षा सोपी आहे: बाटलीत पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा किस टाकावा आणि हलवावे. भरपूर फेस आला तर पाणी मऊ, चोथा तरंगला तर जड. जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते. तेथे पाऊण चमचा पावडर पुरते आणि जास्त घालणे नुकसानीचे ठरते, कारण मऊ पाण्यात जादा अल्कली काचेला हळूहळू खाते. धुरकट झालेल्या ग्लासावर लिंबू चोळून पाहावे: धुरकटपणा गेला तर तो क्षारांचा थर होता आणि सायट्रेट थोडे वाढवावे, न गेल्यास काच झिजली आहे आणि सोडा कमी करावा.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. मशीनमधली पाणी मऊ करणारी यंत्रणा हा खारेपणा काढू शकत नाही आणि कोणतीही पावडरही काढू शकत नाही. अशा दिवसांत धुणे संपताच दार उघडून भांडी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावीत, सुऱ्या तर आधी, कारण मिठाच्या पाण्याने स्टीलवर बारीक खड्डे पडतात.

बाजारच्या टिकियांत प्रथिने आणि पिष्ट तोडणारी एन्झाइम्स असतात. आपल्या पावडरीत ती नसतात. ही उणीव भांडी मशीनमध्ये ठेवण्यापूर्वी भरून काढावी लागते. पेजेचे पातेले आणि आंबोळीच्या पिठाचे भांडे वाळू न देता पाण्यात भिजत ठेवावे. अंड्याची आणि माशांची ताटे आधी थंड पाण्याने विसळावीत, कारण गरम पाण्याने प्रथिने भांड्याला चिकटून बसतात. माशांच्या वासाला तर सोडा उपयोगी नाहीच. तो वास अमाइन जातीच्या द्रव्यांचा असतो, ती स्वतः अल्कलीधर्मी असतात आणि सोड्याने हवेत आणखी सुटतात. त्यांना आंबटच लागते. म्हणून सोलकढी करून उरलेली आमसुले, पिळलेल्या लिंबाच्या साली किंवा झाडाखाली पडलेली बिंबले ताटांना चोळून दोन मिनिटे ठेवावीत, पाण्याने विसळावीत आणि मगच मशीन लावावे. बांगड्याच्या दिवशी याचा फरक लगेच कळतो. आंबटाचे हे काम मशीनच्या बाहेरच उरकावे, कारण आमसुलाचा चोथा गाळणीत अडकतो.

रिठ्याचे पाणी हाताने भांडी घासायला उत्तम आहे, पण मशीनमध्ये रिठा, शिकेकाई किंवा कोणताही साबण घालू नये. फेस दारातून बाहेर येतो आणि पंपाचे काम अडखळते. ॲल्युमिनियमची, म्हणजे जर्मनची भांडी आणि कुकर सोड्याने काळे पडतात. पितळ, कल्हईची भांडी, बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाटही बाहेर ठेवावा. पितळेला चिंच किंवा आमसूलच योग्य.

पावसाळ्यात पावडर एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच करावी, काचेच्या बरणीत चुलीपासून आणि मोरीपासून दूर ठेवावी आणि चमचा कोरडाच वापरावा. गाठी झाल्या तरी ती टाकून देऊ नये. फोडून घेतल्यावर ती तेवढेच काम करते. सोडा डोळ्यांना आणि घशाला बाधतो, म्हणून बरणीवर ठळक नाव लिहावे आणि ती मुलांच्या हाताला लागू देऊ नये. मशीनचे पाणी माडाच्या आळ्यात सोडायचे असेल तर रोज एकाच माडाला न सोडता आळी बदलत राहावे. माड थोडा खारेपणा सोसतो, भाजीचे वाफे सोसत नाहीत. महिन्यातून एकदा गाळणी धुऊन, दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घालून मशीन रिकामेच गरम पाण्यावर चालवावे. त्या वेळी सोडा अजिबात घालू नये.