सबटायटल्स बोलण्याशी जुळत नाहीत? या चुका टाळा

सबटायटल्स मागे पडताना दिसली की नवखा माणूस सगळी फाइल दोन सेकंद सरकवून मोकळा होतो. पहिला संवाद जुळतो, फाइल पाठवली जाते आणि चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा बोंब. सरकवण्याआधी पहिल्या आणि शेवटच्या संवादाशी फरक मोजा. दोन्हीकडे तो सारखा असेल तरच फाइल सरकवा. वाढत गेला असेल तर फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दाखवली जातात त्याची, गडबड आहे. एका जागी अचानक बदलला असेल तर तिथे व्हिडिओ कापलाय किंवा जोडलाय. त्यापुढचाच भाग हलवा.

फ्रेमरेटचे आकडे पाठच असावेत. २५ फ्रेमच्या प्रतीवर केलेली फाइल २३.९७६ च्या प्रतीला लावली तर सबटायटल्स बोलण्याआधीच येऊ लागतात: दहाव्या मिनिटाला सुमारे २५ सेकंद, तासाला अडीच मिनिटं. २४ आणि २३.९७६ मधला घोळ तासाला ३.६ सेकंदांचाच, म्हणून पहिली पाच मिनिटं बघून 'ओके' म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हिज्युअल सिंक' उघडून पहिली आणि शेवटची ओळ आवाजावर बसवा. मधलं सगळं त्या प्रमाणात ताणलं जातं.

सगळ्यात जास्त छळतं ते मोबाइलवरचं शूटिंग. एकांकिकेचा प्रयोग घ्या. रंगमंचावर अंधार झाला की बरेच फोन सेकंदाला ३० ऐवजी २४ फ्रेम घेऊ लागतात, प्रकाश आला की पुन्हा ३०. एडिटिंग सॉफ्टवेअरने सरसकट ३० धरले की चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकमेकांपासून सुटतात, तेही प्रत्येक प्रवेशात वेगवेगळ्या अंतराने. इथे सरकवणं आणि ताणणं दोन्ही फुकट. आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, आहे का ते बघा. असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम एकच) निवडून नवी प्रत काढा. एडिटिंग आणि टायमिंग त्यानंतरच. फायनल कट, म्हणजे एडिटिंग पूर्ण झालेला व्हिडिओ, हातात येण्याआधी टायमिंगला बसूच नये, कितीही घाई असली तरी.

दुसरी खोड म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून कानाने ऐकत ओळीच्या सुरुवातीला बटण दाबत जाणं. ऐकून बोट हलेपर्यंत पावएक सेकंद जातो, ब्लूटूथ हेडफोन असेल तर आणखी उशीर. वायरचा हेडफोन लावा आणि वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून बघा. 'पाणी'ची सुरुवात एकदम उभी दिसते. 'सांग'मध्ये मात्र आधी 'स'ची बारीक पट्टी येते, मग 'आ'चा फुगवटा. पुष्कळ जण फुगवट्यावर सुरुवात ठेवतात, आणि ओळ उशिरा आल्यासारखी वाटते. सुरुवात त्या बारीक पट्टीवरच हवी.

संवादात थांबा असेल तर ओळ तोडा. 'मी लग्नाला येणार…' म्हणून नट दोन सेकंद थांबतो आणि मग 'नाही' म्हणतो. दोन्ही एकाच सबटायटलमध्ये टाकलंत, तर प्रेक्षक त्याच्याआधी उत्तर वाचून बसतो. नटाची मेहनत अशी वाया घालवू नये.

वाचनाचा वेग सॉफ्टवेअरच्या आकड्यावर सोडू नका. 'स्त्री' हे एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते सहा कॅरेक्टर मोजलं जातं. सॉफ्टवेअरला ओळ वाचायला फार लांब वाटते, म्हणून मराठी ओळ विनाकारण लाल दिसते आणि लोक चांगला संवाद छाटतात. ओळ स्वतः एकदा मनात वाचून बघा.

दोन सबटायटल्समध्ये किमान दोन फ्रेम मोकळ्या ठेवा. २५ च्या व्हिडिओत ८० मिलिसेकंद. कट, म्हणजे शॉट बदलण्याची जागा, जवळ असेल तर ओळ कटाच्या दोन फ्रेम आधी संपवा, नाहीतर ती पुढच्या शॉटवर लुकलुकते.

आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये जी किंवा एच ही बटणं दाबून सबटायटल्स पुढेमागे जुळवलीत, तरी ते फाइलमध्ये सेव्ह होत नाही.