मोठ्या जातीचं पिल्लू घेताय? आधी त्याच्या आईला उठताना बघा

"पंजे बघा केवढे, वासराएवढा होईल!" असं कुणी म्हटलं की पूर्वी मीही हरखून जायचे. आमचा ग्रेट डेन वीर असाच निवडला होता. सहाव्या वर्षी एका रात्री जेवणानंतर त्याचं पोट ढोलासारखं ताणलं. उमाळे येत होते, पण बाहेर काही पडत नव्हतं. जठराला पीळ पडला होता, आणि आम्ही उशिरा पोचलो. ज्या खोल, अरुंद छातीचं सगळे कौतुक करायचे, त्याच ठेवणीच्या कुत्र्यांना हा धोका सर्वांत जास्त असतो.

म्हणून आता कुणी विचारलं, की मी सांगते: पिल्लाला मांडीवर घ्यायच्या आधी त्याच्या आईला बघा. ती बसलेली असेल तर हाक मारून उठवा. पुढच्या पायांवर जोर देत, मागचं अंग ओढत उठते का? पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते का? मग खुब्याच्या सांध्याची शंका घ्या. जर्मन शेफर्ड असेल तर मागून चालताना बघा. पाठ फार उतरती असली की मागचे पाय डगमगतात, टाचा एकमेकींकडे झुकतात. सेंट बर्नार्ड किंवा मॅस्टिफच्या खालच्या पापणीकडे निरखून बघा. ती लोंबून आतला लाल भाग उघडा पडला असेल, तर त्यात धूळ साचते, डोळा सतत चुरचुरतो. लोक त्याला 'करुण नजर' म्हणतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

मग कागद मागा. आईबाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे हवेत. पेनहिप, म्हणजे खुब्याचा सांधा किती सैल आहे हे एक्स-रेवर मोजणारी तपासणी, 16 आठवड्यांपासून होते; ओएफए या अमेरिकन संस्थेचा खुब्यांबद्दलचा अंतिम दाखला मात्र 24 महिन्यांनंतरच मिळतो. डेन किंवा डॉबरमन असेल तर हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफीही हवी, डॉबरमनला 24 तास हृदयाचे ठोके नोंदवणारी होल्टर तपासणीसुद्धा. हृदयाचा आजार बरीच वर्षं लपून राहतो, त्यामुळे रिपोर्ट ताजा हवा. आजी-आजोबा कशाने गेले, कितव्या वर्षी, हेही विचारा. ब्रीडर वजनाचेच आकडे सांगत राहिला तर मी तिथून उठते.

पिल्लू घरी आलं की त्याला भराभर वाढवू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं द्या आणि वरून कॅल्शियम अजिबात नको, कारण जास्तीचं कॅल्शियम या वयात शरीराला अडवता येत नाही आणि हाडं बिघडतात. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. 48 लॅब्रेडॉरांवर एक अभ्यास झाला होता: आपल्याच वेतातल्या जोडीच्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले.

आणि खोल छातीची जात असेल तर नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून घेता येतं. पोट फुगणं त्याने थांबत नाही, पण जीवघेणा पीळ बहुतेक वेळा टळतो. वीरच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिल्या लसीलाच डॉक्टरांना विचारा.