पोट साफ होत नाही? चूर्णाचा डबा उघडायच्या आधी या चुका टाळा

"डॉक्टर, पोट साफ होत नाही" एवढं ऐकलं की लगेच चूर्ण नाहीतर सिरप लिहून द्यायचं, फॅमिली डॉक्टरकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आठवड्यातून दोनदाच होणं, रोज होऊनही खूप कुंथावं लागणं आणि जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आधी नेमकी कुठली ते विचारा. आणि आठवड्यातून तीनदा विनात्रास होत असेल तर ते नॉर्मल आहे हो, रोज सकाळी व्हायलाच पाहिजे असं काही नाही.

चालू असलेल्या गोळ्या तर कोणी बघतच नाही. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, दुखण्यासाठी ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, यातल्या कशानेही बद्धकोष्ठ होतं. थायरॉईड कमी असेल तरी असं होतं, ते पण डोक्यात ठेवा.

बोट घालून गुदद्वाराची तपासणी दोघंही टाळतात, पेशंट लाजतो आणि डॉक्टरला घाई असते, पण जोर करायला सांगितल्यावर स्नायू सैल पडायच्या ऐवजी बोटाभोवती आवळले तर तिथल्या तिथे अंदाज येतो की गडबड जोर लावायच्या पद्धतीत आहे, मग नुसतं इसबगोल खाऊन भागत नाही, बायोफीडबॅकचं ट्रेनिंग लागतं, म्हणजे स्नायू कसे हलतात ते यंत्रावर बघत जोर लावायची योग्य पद्धत शिकणं.

इसबगोल घेतानाही चूक होते, लोक घोटभर दुधात ढवळून गिळतात. मोठा ग्लासभर पाणी पाहिजे, आणि सुरुवात एका चमच्याने, मग हळूहळू वाढवा. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखीसोबत शौचाची सवय बिघडण्याचा आतड्याचा त्रास) असेल तर गव्हाचा कोंडा नको, गॅस आणि दुखणं वाढतं. फायबरने जमलं नाही तर पीईजीची (पॉलीइथिलीन ग्लायकॉल, आतड्यात पाणी धरून शौच मऊ करणारी) पावडर डॉक्टरला विचारून घ्या, ती बऱ्याच दिवसांसाठीही चालते.

आयबीएस म्हणायला पोट दुखायलाच हवं. 2016 च्या रोम 4 निकषांप्रमाणे (पोटाच्या अशा आजारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय नियम) गेले 3 महिने आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध, किती वेळा होतं त्यात बदल, शौचाच्या स्वरूपात बदल, यातल्या निदान दोन गोष्टी पाहिजेत. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "टेन्शन घेऊ नका" म्हणत पेशंटला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही, त्या माणसाचं दुखणं खरं असतं, आतडं आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण बिघडलेली असते.

आणि रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून मलम लावत बसू नका. सोबत वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदललीय किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, तर चूर्ण बाजूला ठेवा आणि कोलोनोस्कोपीबद्दल (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) डॉक्टरशी लगेच बोला.