किलीफिशची टाकी: सुरुवात झाकणापासून

‘किली’ हे नाव ऐकून हा मासा मारकुटा असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हा शब्द ओढा या अर्थाच्या ‘किल’ या डच शब्दावरून आल्याचे मानले जाते. आपल्याकडे दुकानात ‘गोल्डन वंडर’ म्हणून मिळणारा सोनेरी किली हा तर कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणाऱ्या अ‍ॅप्लोकायलस लिनिअ‍ॅटस या माशाचाच जोपासलेला प्रकार आहे. ओढ्यावर वाकून पाहिले, तर डोक्यावर चमकता ठिपका घेऊन पाण्याच्या अगदी वरच्या थरात निश्चल उभा असलेला मासा बहुधा हाच असतो. पाण्यावर पडणाऱ्या किड्यामुंग्यांवर त्याचे पोट भरत असल्यामुळे त्याची टाकी वरून खाली रचावी लागते.

म्हणून झाकण आधी आणि मासा नंतर. हा मासा उत्तम उडी मारतो, आणि फट लहान आहे म्हणून तो सुटणार नाही, असे समजू नये. माझा पहिला नर हवेच्या नळीसाठी ठेवलेल्या, अंगठ्याएवढ्या भोकातून रात्री बाहेर पडला आणि सकाळी टेबलामागे वाळलेल्या अवस्थेत सापडला. तेव्हापासून अशा प्रत्येक भोकात मी स्पंजचा तुकडा घट्ट बसवतो. पाणी काठोकाठ न भरता दोन इंच जागा मोकळी सोडावी.

एक नर आणि दोन-तीन माद्या यांच्यासाठी 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच टाकी पुरेशी होते. तिच्यात साधारण 45 लिटर पाणी राहते. पूर्ण वाढलेला मासा 10 सेंटिमीटरपर्यंत जातो. तळाला गडद रंगाची बारीक वाळू घालावी, कारण फिकट तळावर त्याचा रंग उठून दिसत नाही. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत सोयीचा, कारण त्याचा प्रवाह मंद असतो. वॉटर स्प्राइट किंवा साल्विनिया यांसारख्या तरंगत्या वनस्पतींनी अर्धा पृष्ठभाग झाकावा आणि खाणे टाकण्यासाठी उरलेला मोकळा ठेवावा. देशी बदामाची दोन-तीन वाळलेली पाने धुऊन टाकल्यास पाण्याला ओढ्यासारखी तांबूस छटा येते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन अँटी-क्लोरीनने घालवावे. मात्र पाणी स्वच्छ दिसले म्हणजे टाकी तयार झाली, असे नव्हे. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो. तापमान 22 ते 26 अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापू लागल्यास झाकणाच्या जागी बारीक जाळी ताणून बसवावी आणि पंख्याचा वारा पाण्यावर सोडावा. बर्फ टाकून पाणी एकदम थंड करू नये.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा, नळाखाली धुऊ नये. तरंगणारे दाणे, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आणि गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्या) दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. निऑन टेट्रा किंवा गप्पीची पिल्ले सोबत ठेवल्यास तेही त्याचेच खाद्य ठरते.

अंड्यांसाठी गडद हिरव्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचे धागे उकळून, रंग सुटत नाही याची खात्री करून, थर्माकोलच्या तुकड्याला बांधून टाकीत तरंगत सोडावेत. सुमारे दोन मिलिमीटरची ही अंडी इतकी टणक असतात की बोटांनी अलगद वेचता येतात. पांढरी पडलेली अंडी काढून टाकावीत आणि पारदर्शक अंडी वेगळ्या भांड्यात, उथळ पाण्यात ठेवावीत. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि लगेच वरच्या थरात जाऊन थांबतात. त्यांना ताजी उबवलेली आर्टेमिया द्यावी. काही पिल्ले झपाट्याने वाढतात आणि मागे राहिलेल्या भावंडांना गिळतात, म्हणून दर आठवड्याला आकारानुसार त्यांची विभागणी करावी, आणि त्या भांड्यांनाही झाकण असावे.